दादाचं ट्रोपोनिन

रविवारी सकाळी मी माहेरी पोहोचले तेव्हा दादा कांद्याच्या चाळीसमोर बाजेवर बसला होता आणि वहिनी त्याला ओवा चावायला देत होत्या. चाकणहून राजगुरुनगरकडे जाताना आमचं गाव लागतं. दादा चाकणच्या एका कंपनीत आहे, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या, आणि सुट्टीच्या दिवशी शेत बघतो. त्या दिवशी पिकअप आली होती आणि हमाल कमी पडला म्हणून यानेच गोण्या उचलायला सुरुवात केली होती.

"काय झालं रे?"

"काय न्हाई. गॅस झालाय."

कपाळावर घाम होता. डावा हात तो उजव्या हाताने धरून बसला होता, आपण धरलाय हे त्याच्या लक्षातही नसावं. वहिनींनी मला नजरेनेच विचारलं, आणि मला आमचे वडील आठवले. तेही असेच ओट्यावर बसले होते. त्यांनाही गॅसच झाला होता. तालुक्याच्या गावाला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

"दादा, गाडीत बस."

"अगं, पिकअप उभी हाय..."

"राहू दे उभी. बस."

तो माझ्यापेक्षा मोठा आहे आणि माझं कधीच ऐकत नाही. त्या दिवशी मुकाट्याने उठला. त्या मुकाट उठण्याचीच मला जास्त भीती वाटली.

मोशीच्या आसपास नेहमीसारखी वाहनं तुंबली होती. एक कंटेनर आडवा झाला होता आणि आम्ही त्याच्या मागे. वहिनी मागच्या सीटवर त्याचा हात धरून बसल्या होत्या. मी सारखा हॉर्न वाजवत होते. शेवटी दादाच म्हणाला, "हॉर्न नको वाजवू. त्यानं काय तो हलणार हाय?"

चिंचवडच्या हॉस्पिटलात इमर्जन्सीला एक तरुण डॉक्टर होती. तिने लगेच ईसीजी काढला, कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "यात फार काही दिसत नाही. पण तेवढ्यावर सोडता येणार नाही. वडिलांचं तुम्ही सांगितलंत ना? ट्रोपोनिन पाठवते. आत्ता एकदा आणि काही तासांनी पुन्हा."

ट्रोपोनिन. मी निगडीला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. स्नायू आकुंचन कसा पावतो हे दर वर्षी बोर्डावर दोन रंगांच्या खडूंनी काढते, आणि हा शब्द दर वर्षी किती वेळा उच्चारते त्याला गणती नाही. पण तो माझ्या भावाच्या दंडात सुई टोचून काढलेल्या नळीवर लिहिला जाईल, असं कधी मनात आलं नव्हतं.

रक्त गेलं आणि आम्हाला पडद्याआडच्या एका पलंगाशी बसायला सांगितलं. छातीला वायरी लावलेल्या, वर मॉनिटर. दादा त्या हिरव्या रेघेकडे बघत होता.

"त्या बाईंनी काय म्हणलं ते? कसली तपासणी?"

"ट्रोपोनिन. तुला सांगू? शिकवते मी ते."

"सांग की. असं पडून काय करू?"

मग मी त्याला सांगितलं. स्नायूत बारीक तंतू असतात, दोन प्रकारचे. एक दुसऱ्याला पकडून ओढतो, की स्नायू आखडतो. पण ते सारखं ओढत राहिले तर माणूस ताठून जाईल. म्हणून पकडायच्या जागा झाकलेल्या असतात, आणि ते झाकण ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाच्या ताब्यात असतं. कॅल्शियम येऊन त्याला चिकटलं की झाकण सरकतं, ओढ बसते. कॅल्शियम परत गेलं की पुन्हा झाकण, स्नायू सैल.

"दर ठोक्याला?"

"दर ठोक्याला."

"आन ते रक्तात कशापायी बघत्यात?"

"हृदयाचा स्नायू मेला तर ते त्यातून रक्तात सुटतं. रक्तात नसलं म्हणजे बरं."

त्याने मान हलवली. थोड्या वेळाने, वहिनी पाणी आणायला गेल्यावर, तो हळूच म्हणाला, "बाबा गेले त्या वयाला मी औंदा आलो. तुला ठाव हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. मी कधी हिशेबच केला नव्हता.

"वर्षभर असंच चाललंय बघ. झोपताना छातीवर हात ठेवून झोपतो. ठोका लागतोय ना, ते बघतो. हिला सांगितलं न्हाई."

मी त्याच्या पायावर हात ठेवला. नेहमी गावातल्या चार लोकांना दम देणारा हा माणूस वर्षभर अंधारात स्वतःचे ठोके मोजत होता.

पहिला रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाली, "आता दुसऱ्याची वाट बघू." तेवढ्यात मला एक शंका आली आणि मी ती विचारून टाकली. याने गोण्या उचलल्यात, हातापाठीच्या स्नायूंना ताण बसलाय, त्यांचं ट्रोपोनिन रक्तात आलं तर घोटाळा नाही का होणार?

"नाही. हृदयाचं वेगळं असतं थोडं. आम्ही तेवढंच शोधतो," ती म्हणाली. मी बोर्डावर सगळ्या स्नायूंसाठी एकच आकृती काढते. फरक मला पुसटसा माहीत होता, पण त्यावर इतकं काही अवलंबून असेल असं वाटलं नव्हतं.

दुसरा रिपोर्ट चहाच्या वेळेला आला. तोही स्वच्छ. डॉक्टरने दादाच्या छातीच्या डाव्या बाजूला, बरगडीजवळ, बोटाने दाबलं.

"आई गं," दादा म्हणाला.

"हेच दुखतंय ना सकाळपासून?"

"व्हय. हेच."

"हा बरगडीचा स्नायू लचकलाय काका. हृदय ठीक दिसतंय. पण बीपी वाढलेलं आहे आणि घरात इतिहास आहे, तेव्हा ट्रेडमिलची तपासणी करून घ्यायची. आणि तंबाखू बंद."

"बंद," दादा इतक्या पटकन म्हणाला की वहिनी त्याच्याकडे बघतच राहिल्या.

बाहेर पडल्यावर त्याला भूक लागली. सकाळपासून कोणीच काही खाल्लं नव्हतं. निगडीला माझ्या घरी चला म्हटलं तर ऐकेना, समोरच्याच हॉटेलात शिरला आणि इडली मागवली. इडली आली आणि वहिनी रडायला लागल्या. दिवसभर एक टिपूस काढलं नव्हतं त्यांनी. दादा ओशाळून त्यांच्याकडे पाण्याचा ग्लास सरकवत राहिला, "अगं, काय झालं न्हाई ना आता," म्हणत राहिला. मग त्याने त्यांना तिथेच, माझ्यासमोर, छातीवर हात ठेवून झोपण्याचं सांगून टाकलं.

"मला माहीत होतं," डोळे पुसत वहिनी म्हणाल्या. "मी जागीच असायची."

परतताना तो मागच्या सीटवर झोपला, तोंड उघडं टाकून. चाकणच्या चौकात इतकं मोठ्याने घोरायला लागला की शेजारच्या रिक्षातला माणूस वळून बघायला लागला. मी काच वर करायला हात नेला.

"राहू द्या वन्सं," वहिनी म्हणाल्या. "घोरू द्या."