बाबांच्या वावरात न पिकलेले पैसे

परतवाड्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा बाबांच्या सदऱ्याला सरकीच्या ढेपेचा तेलकट, उबदार वास येत होता. माझ्या पिशवीत संत्री कोंबत ते म्हणाले, "थे पगार देतीन, बाई. मान मांगतीन, त देऊ नोको." जे गावी राहिलात आणि जे माझ्यासारखे निघालात, त्या तुम्हा सर्वांसाठी मी ते वाक्य जपून ठेवले आहे.

पुण्यातल्या कंपनीत कशालाच वास नव्हता. दर महिन्याला पगारातून प्राप्तिकर कापला जाई. मला त्याचे दुःख, बाबांना अभिमान. ती आमच्याकडे कपाशी उभी करपण्याची वर्षे. पंचनाम्यासाठी अख्खे गाव तहसीलच्या पायऱ्यांवर बसे, आणि बाबा पानठेल्यावर सांगत, "मायी पोरगी सरकारले पैसे देऊन राह्यली."

ऐन श्रावणात कंपनीने 'पुनर्रचना' केली. माणसे हाकलण्यासाठी इतका गुळगुळीत शब्द शोधणाऱ्यांची मला आजही किळस येते. फोनवर बाबांनी मी जेवले का, हे नंतर विचारले. आधी विचारले, "मंग आता सरकारले कोन देईन?"

कर कापला होता तो वर्षभराचा पगार गृहीत धरून. त्या आर्थिक वर्षात नोकरी टिकली जेमतेम चार-पाच महिने. म्हणजे जास्तीचा कर परत मिळणार होता. परंतु दिवाळीनंतर मी घरी बसून भाषांतरे केली होती. ती कमाई उत्पन्नात धरली, की परतावा चिमूटभर उरे. इकडे घरमालक दार वाजवू लागलेला.

करसल्लागाराच्या खोलीत फवाऱ्यातल्या खोट्या मोगऱ्याचा घमघमाट होता.

"गावाकडे शेती आहे ना, मॅडम? मग भाषांतराचे पैसे शेतीचं उत्पन्न म्हणून दाखवू. शेतीला कर नसतो, परतावा सगळा तुमचा. अहो, माझे निम्मे क्लायंट शेतकरीच आहेत."

तो हसला. त्याचे ते शेतकरी बाहेर सोफ्यावर बसले होते: नखे स्वच्छ, बूट चकचकीत. आमच्या वऱ्हाडात बोंड धरत नव्हते, आणि या महाभागांची कपाशी चौथ्या मजल्यावर, पाण्यावाचून, दरसाल भरघोस फुटत होती. ज्या मातीत पाय ठेवायला यांना शिसारी येईल, तिच्याच नावाआड लपायला यांना लाज नव्हती.

तरीही मी उठले नाही. घरभाडे डोळ्यांसमोर होते. तिथूनच बाबांना फोन लावून सातबारा मागितला, कारणही सांगितले.

"धाडतो," ते म्हणाले. "पन बाई, माह्या वावरात इतकं पिकलं असतं, त तुले पुन्याले कावून धाडलं असतं?"

मी सारी कमाई खरी दाखवली. चिमूटभर परतावा आला. तोही बाबांना रुचला नाही. "देल्लं थे वापस कावून घेतलं?" हा जास्तीचा कापलेला कर होता, हे त्यांना अजून पटलेले नाही.

त्या सोफ्यावरच्या शेतकऱ्यांनी एव्हाना फार्महाऊस बांधली असतील, झोपाळे टांगले असतील. टांगोत. माझे घर आता पुण्यातही नाही आणि गावातही पुरते नाही. ते त्या एका करपलेल्या वावरात आहे, ज्याच्या नावावर मी खोटे पीक काढले नाही. दर उन्हाळ्यात जाते, वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, चपला काढते. काळी माती तळव्यांना चटका देते, आणि मी पाय मागे घेत नाही.