शेजाऱ्याइतकं पाणी

ऑफिसात तिला सगळे भागाकारबाई म्हणत. पाणीपुरवठा खात्यात, जिन्याशेजारच्या खोलीत बसून तिने उभी हयात एकच हिशेब केला होता: शहरांना पुरवायला नद्या-तलावांतून किती गोडं पाणी उचललं, ते आपल्याकडे माणशी किती पडलं आणि शेजारच्या देशात किती. शेजाऱ्याच्या घरात डोकावू नये म्हणतात. हिला सरकार त्याचाच पगार देत होतं.

यंदा आपला आकडा शेजाऱ्यापेक्षा बराच वर गेला आणि साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आपली माणसं पाणी वापरतात की उधळतात?" म्हणाले. मग काटकसर ठरली. नळवाल्यांना हात लावावा, तर ते सकाळी दारात येऊन उभे राहणार. म्हणून टेकडीवरच्या वस्तीचे टँकर बंद झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

त्या वस्तीत तिची आई राहायची. एकटी, स्वतःच्या दोन खोल्यांत, कुणाचं म्हणून ऐकून न घेता.

"आजही गाडी आली नाही गं," आईचा फोन आला. "विचार ना तुझ्या ऑफिसात."

"विचारते," ती म्हणाली आणि तिने पुन्हा तक्ता उघडला.

चूक लगेच सापडली, आणि ती तिचीच होती. टँकर जलशुद्धीकरण केंद्रावर भरत, म्हणून त्यांचं पाणी तिने एकूण पाण्यात धरलं होतं. माणसं मात्र नळजोडांच्या यादीवरून मोजली होती. शेजारच्या देशात टँकरचं पाणी पिणाऱ्यांनाही मोजायचे. हिच्या हिशेबात टेकडीवरचं पाणी होतं, टेकडीवरची माणसं नव्हती. आई नव्हती, इतकी वर्षं कधीच नव्हती. यंदा वस्ती वाढली, टँकर वाढले, म्हणून आकडा फुगला.

रडू यायला हवं होतं. निदान छातीत धस्स व्हायला हवं होतं. काहीच झालं नाही. वडील गेले तेव्हाही असंच झालं होतं, आणि बायका म्हणाल्या होत्या, पोरगी किती धीराची. कसला धीर? आत काही हलतच नव्हतं.

साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तिच्यासाठी चहासुद्धा मागवला. "चूक कळली, बाई. पण तक्ता वर गेलाय. आता फिरवला तर शेजारी हसतील. पुढच्या वर्षी दुरुस्त करू." ती आणखी दोनदा बोलून आली. पालथ्या घड्यावर पाणी.

काही आठवडे ती घरच्या नळावर कॅन भरून बसने टेकडीवर नेत राहिली. मग तिची पाठ धरली आणि आईला खाली आणण्यावाचून इलाज उरला नाही. आईने दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली पदराच्या गाठीत बांधली.

तिने आपल्या नळजोडावर आईचं नाव चढवलं. अशी आई एकदाची माणसांत आली.

नव्या वर्षाचा तक्ता निघाला. टँकर बंद, त्यामुळे पाणी घटलं होतं. आपला आकडा शेजाऱ्याच्या बरोबरीला बसला. साहेब खूश झाले. "आता तरी टेकडीवरची माणसं धरून टँकर चालू करू या," ती म्हणाली. साहेब हसले. "जमलेल्या आकड्याला कशाला हात लावता? टँकरचा विषय संपला आता." ती बरं म्हणून खोलीत परत आली.

घरी नळाला दिवसभर पाणी असे, तरी आई सकाळी उठल्याबरोबर घरातलं भांडं न् भांडं भरून ठेवायची. जावई चेष्टा करायचा, "सासूबाई, आपला नळ कुठं पळून जात नाही."

"गाडीपण जाणार नव्हती," आई म्हणायची.

त्या संध्याकाळी आई पातेलं भरता भरता म्हणाली, "टँकर सुरू झाला की मला सोडशील ना गं घरी?"

"सोडेन की."

आवाज जरासुद्धा हलला नाही, याचीच तिला भीती वाटली. आईचा मात्र लगेच विश्वास बसला. "मग ठीक," म्हणून तिने दुसरं पातेलं नळाखाली धरलं.