गुलालातली गोळी

निकालाची मिरवणूक होती, भर दुपारची. कवठे येमाईच्या पुढं एका वाडीत माझ्या वर्गातली एक मुलगी घराच्या गच्चीवर उभी राहून ती बघत होती. खाली डीजे, गुलाल. निवडून आलेल्या माणसाच्या मेहुण्यानं हौसेनं कमरेचं पिस्तूल काढलं आणि वर करून दोन गोळ्या झाडल्या. पहिली आभाळात गेली. दुसरी हिच्या उजव्या कोपरात. त्या दणदणाटात कुणाला काही कळलंच नाही. तिलाही आधी वाटलं, फटाक्याचा तुकडा लागला.

मी तेव्हा शिक्रापूरजवळच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होते. राहायला केडगावात, रोज न्हावऱ्यावरून जाऊन-येऊन. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, आणि खरं सांगायचं तर कुठल्याही चळवळीत पडायची मला इच्छा नव्हती. तरुणपणी मोर्चे काढून झाले होते. त्यांचं पुढं काय होतं, तेही बघून झालं होतं.

दीड महिन्यानं ती वर्गात आली. हात गळ्यात अडकवलेला. तास संपल्यावर मागं थांबली.

"मॅडम, त्यांचं लायसन खरं हाय. पोलिसांनी बघितलं. म्हंजी गोळी पण लायसनचीच व्हती."

"मग?"

"मग लायसन देतं कोण, आन् कशासाठी, ते आपल्याला शिकायला नाही का?"

नव्हतं. अभ्यासक्रमात तसं काहीच नव्हतं. पण तिच्यासमोर ते म्हणायची लाज वाटली. शनिवारी दहा-बारा मुलं रिकाम्या वर्गात बसली आणि सरकारला द्यायचं निवेदन तयार झालं. मिरवणुकीत, लग्नात हत्यार बाहेर काढलं तर परवाना कायमचा रद्द व्हावा. कुणाकडं परवाना आहे, ते गावाला कळावं. तिला लिहिता येत नव्हतं. ती सांगत होती, बाकीचे लिहीत होते.

सह्या गोळा करायला मुलं आठवडे बाजारात उभी राहिली. कारखान्यातले कामगार जिथं खोल्या करून राहतात, त्या चाळींतही गेली. तिथं उत्तर प्रदेशातल्या एकानं कागद पुरता वाचूनही घेतला नाही. म्हणाला, "मेरा भाई तो शादी में ही गया, ऐसी ही गोली से." सही केली आणि ड्यूटीला निघून गेला. गावात मात्र अवघड जात होतं. पारावरचे एक आबा मुलीला म्हणाले, "पोरी, घरात बंदूक असती म्हंजी मान असतो. तू मानाला हात घालतीयास."

मग वर्गातली तीन मुलं आमच्यातून गळली. ती पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळायला जायची. कुणीतरी सांगितलं होतं, आंदोलनात गुन्हा दाखल झाला तर भरती विसरा. मी त्यांना थांबवलं नाही.

माझ्या धाकट्या भावाकडंही परवान्याची बंदूक आहे. त्याच्याकडं सही मागायला मीच गेले.

"ताई, माझ्या गोठ्यातनं बिबट्यानं वासरू नेलंय. पोरं उसातल्या वाटेनं शाळंत जात्यात. अन् तू मला बंदुकीच्या विरोधात सही मागतीयास!"

"तुझ्या बंदुकीच्या विरोधात नाही रे."

"आज न्हाई. उद्या व्हईल."

चहा न घेता उठले. त्याची भीती खोटी नव्हती, म्हणून राग जास्त आला. त्या वर्षी राखीला मी गेले नाही, त्यानंही फोन केला नाही.

शेवटी एका आमदारांना भेटलो. कुठले, ते सांगत नाही. त्यांनी निवेदन सावकाश वाचलं. म्हणाले, "गेल्या आठवड्यात शेतकरी आले होते. ते म्हणतात, बिबट्यासाठी परवाने द्या. तुम्ही म्हणता, काढून घ्या. मी दोघांचाही आमदार."

ती म्हणाली, "साहेब, बिबट्या मिरवणुकीत नाचतो का?"

सगळे हसले, तेही हसले. प्रश्न अधिवेशनात घेतो म्हणाले, आणि घेतलाही. पण यादीत तो फार खाली होता. वेळ संपली, लेखी उत्तर पटलावर ठेवलं गेलं: सध्याच्या तरतुदी पुरेशा आहेत, सर्व जिल्ह्यांना सूचना दिल्या आहेत. मी ते वर्गात वाचून दाखवलं. मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "मॅडम, परीक्षेला हे येणार का?"

केसही तशीच विरली. तिच्या वडिलांनी जबाबात सांगितलं, गोळी कुणी झाडली ते पाहिलं नाही. ते मला रस्त्यात भेटले, तेव्हा मान खाली घालून म्हणाले, "त्यांच्या विहिरीवरनं आमचं पाणी येतंय, मॅडम." त्या मेहुण्याचा परवाना काही महिने जमा होता, मग परत मिळाला. कारण दिलं होतं शेतीचं, जंगली जनावराचं.

तिचा हात पुरता सरळ झालाच नाही. ती डाव्या हातानं लिहायला शिकली, त्याच हातानं बी.ए. झाली, आणि आता पुण्यात वकिलीचं शिक्षण घेते. बापाशी बोलते, पण त्या दिवसाबद्दल नाही.

मी निवृत्त झाले. परवा दौंडकडची चार मुलं केडगावला घरी आली. त्यांच्याकडं एका हळदीत असाच गोळीबार झाला होता. माझा पत्ता तिनंच दिला, असं मुलांनी सांगितलं. त्यांनी लिहिलेलं निवेदन माझ्यापुढं ठेवलं. शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच होत्या. मी चष्मा शोधला, चहा टाकला आणि एकेक ओळ दुरुस्त करत बसले. वरून उत्तर काय येतं, ते मला पाठ होतं. पण त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.