धाकट्या जावेनं दिलेला हक्क

वडशाला आमच्या नाटक कंपनीचं ऑफिस होतं. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या दिवसांत गावोगावची माणसं नाटक ठरवायला, म्हणजे सुपारी द्यायला तिथे येत. कोणत्या गावाला कोणती रात्र द्यायची ते मी सांगायची. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण खुर्ची माझी होती.

मग धाकटी जाऊ आली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. तिनं सगळ्या तारखा कॉम्प्युटरात घातल्या, घरातल्या प्रत्येकाला वेगळं नाव आणि पासवर्ड दिला, आणि खुर्चीवर बसली. आलेले लोक मला चहा सांगू लागले. मी जळत होते, त्यात लपवायचं काय?

पहिल्या बाळंतपणाला ती चामोर्शीला माहेरी गेली. खंडेनवमीला आम्ही तबला, तलवारी, मुकुट, सगळं घासूनपुसून पूजेला मांडतो. नवऱ्यानं मेकॅनिकला बोलावून सांगितलं, "कॉम्प्युटरबी आतून साफ कर." त्यानं आतलं सगळं पुसलं आणि तारखांची फाईल तेवढी परत ठेवली.

दिवाळीनंतर एका गावचे लोक आले. मी खुशीत खुर्चीवर बसले. फाईल उघडेना. नवऱ्यानं पडद्यावरचं वाचलं, "तुले परवानगी नाई म्हणते."

"बाई, तारीख सांगता का जाऊ बाजूच्या कंपनीत?" त्यांच्यातला एक म्हणाला.

मी जावेला फोन लावला. "काऊन वो, मले कुलूप लावून गेली?"

"मी काऊन लावीन, बाई? नाव-पासवर्ड इचारते का?"

"नाई. सरळ नाई म्हणते."

"मंग नावांची फाईल गेली. कोणाले काय हक्क ते तिच्यावरून समजते. मुकुटाच्या पेटीत फ्लॉपी आहे, तिच्यात दुसरी आहे."

पेटीत फ्लॉपी नव्हती. मुकुटासोबत तीही पूजेला गेली होती. देवाजवळ सापडली, हळदीकुंकू लावलेली. मी पदरानं पुसली. मेकॅनिकला बोलावलं, त्यानं ती फाईल चढवून कॉम्प्युटरला दाखवून दिली. मग कॉम्प्युटरनं नाव विचारलं. मी एका बोटानं लिहिलं. तारखा उघडल्या.

फोनवर पुन्हा विचारलं, "मले नुसतं पाहता येते का?"

"लिहा नं, बाई. बाकीच्यांले पाहताच येते. तुमाले मी माह्याच गटात टाकलं. लिहा, पुसा, सगळं चालते."

मला बरं वाटायला हवं होतं. उलट जास्त झोंबलं. माझ्या खुर्चीचा हक्क मला देणारी ही कोण? पण लोक उभे होते. मी त्यांच्या गावाचं नाव लिहिलं आणि सुपारी घेतली.

बाळाला घेऊन ती परत आली तेव्हा मी खुर्चीवरून उठले नाही. ती बाजूच्या स्टुलावर बसली, बाळाला पाजत राहिली, आणि कोणी तारीख विचारली की पडदा न पाहता तोंडानं सांगू लागली. तेही मला आवडलं नाही.