पावन्याची वायर

“हाक पोचली असंन, तं हौ म्हनाले काय लागते?” तेजराम असं वारंवार म्हणायचा, पण माणसांबद्दल नाही. एकाच घरातले, इंटरनेटच्या एकाच डब्याला जोडलेले दोन संगणक एकमेकांना ओळख देत नाहीत, हे त्याला सहन होत नसे.

तो लांजीकडच्या एका खेड्यातला. धानाच्या बांध्या भावांच्या हवाली करून बालाघाटला आला तो सासऱ्यांनी बोलावलं म्हणून. सासरे हिरालाल उकव्याला खाणीत हजेरीबाबू होते. निवृत्त होऊन त्यांनी शहरात घर बांधलं, तोवर मुलगा अनुराग शिकायला पुण्याला निघून गेला होता. एवढ्या घरात म्हातारा एकटा. लेक अलकनंदाचं तेजरामशी नुकतंच लग्न झालेलं. हिरालालांनी दोघांनाही ठेवून घेतलं. रस्त्याकडची खोली उघडली, किल्ली जावयाच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “हे खोली तुमची, पावने.”

आमच्याकडे जावयाला पावना म्हणतात, आणि पाहुण्यालाही पावनाच. शब्द लाडाचा आहे. त्याची उलटी बाजू कुणी पाहत नाही.

त्या खोलीत तेजराम संगणकावर लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवून छापून देऊ लागला. वर तिरोडीचा, वधू गोंदियाची. अर्धी पत्रिका हिंदीत, अर्धी मराठीत, आणि दोन्ही बाजूंच्या मामांची नावं सारख्याच आकाराची हवीत. ती कटकट त्याला आवडायची. गावाकडची जमीन त्याने सोडली होती. जगात त्याची म्हणावी अशी जागा आता ती एकच, आणि तिथे बसला की तो पाय पसरून बसायचा.

शहरात ब्रॉडबँड आलं तेव्हा त्या मोहल्ल्यात पहिली जोडणी त्यानेच घेतली. मग आपल्या खोलीपासून अंगणाच्या भिंतीवरून सासऱ्यांच्या खोलीपर्यंत स्वतः वायर ओढली. तिच्या टोकांना प्लास्टिकचे खटके बसवले, आतल्या तारांचे रंग क्रमाने लावले, भिंतीला भोक पाडून त्यात पाइपचा तुकडा घातला, म्हणजे उंदीर कुरतडणार नाहीत. हे सगळं म्हाताऱ्याला संध्याकाळी पुण्यातल्या मुलाचं तोंड दिसावं म्हणून. हिरालालांना त्याने पिंग म्हणजे काय तेही समजावलं होतं. हा संगणक हाक देतो, तो हौ म्हणतो. हौ आलं की समजावं, रस्ता मोकळा आहे. म्हातारा खुश झाला होता. खाणीत सुरुंगाआधी आम्ही असंच करत होतो, म्हणाला.

दोन हजार आठ साली अनुराग पुण्याहून परत आला. नोकरी का सोडली, ते त्याने सांगितलं नाही. लॅपटॉप आणि दोन शिंगांचा वायरलेसचा डबा घेऊन आला. जुना मोडेम काढून हा डबा त्याने मागे, वडिलांच्या खोलीत बसवला. अंगणावरून आलेली वायर डब्यात खुपसली, पण सासऱ्यांच्या संगणकाकडे जाणारा तुकडा उपटला, भिंत खराब दिसते म्हणून. त्यांचाही संगणक हवेवर चालू लागला. वायरवर राहिला एकटा तेजराम.

इंटरनेट सगळीकडे चालायचं. पण तेजरामच्या खोलीतून मागच्या खोलीला दिलेली हाक परत येईना. मागची खोली त्याचा प्रिंटर पाहू शकेना. अनुरागला काही छापायचं असलं की अलकनंदा पेन ड्राइव्ह घेऊन अंगण ओलांडायची, छापलेले कागद घेऊन परत जायची. तेजरामला त्याची लाज वाटायची. आपल्या घरात बायकोला असं टपालासारखं फिरावं लागतं, आणि कारण काय तर आपल्याला एक वायर नीट जोडता येत नाही.

त्याने खटके कापून नव्याने बसवले. वायर बदलली. संगणकातली सुरक्षेची भिंत, फायरवॉल, पाडून पाहिली. आपल्या संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता एका मोहल्ल्यातला आणि लॅपटॉपचा दुसऱ्याच, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. अनुराग म्हणाला, वायरलेसचं तसंच असते भाऊजी. डब्याचा पासवर्ड विचारला, तर डबा विकणाऱ्यानेच टाकला होता, आता आठवत नाही, म्हणाला. तेजरामने विश्वास ठेवला. पुण्याला शिकलेला पोरगा; त्याला नाही येत तर चूक आपल्याच हाताची असणार.

समोरच्या पानठेल्यावरच्या दुलीचंदला ही सगळी कथा ठाऊक होती. “तेजराम भाई, तुम्हारे कंप्यूटर देवरानी-जेठानी हैं क्या? एक ही चूल्हा, और बोलचाल बंद.” तेजराम हसायचा. बोलतील, म्हणायचा. कोणीतरी मधात पाहिजे.

दसरा झाल्यावर एका रविवारी त्याने ठरवलं की डबा कोरा करून टाकायचा. मागच्या बाजूला बारीक भोक असतं. त्यात टाचणी दाबून धरली की डबा सगळं विसरतो आणि नव्याने सुरुवात करता येते. दुपारी जेवणं झाल्यावर तो मागच्या खोलीत गेला. अनुराग खाटेवर लॅपटॉप घेऊन बसला होता, हिरालाल सुपारी कातरत होते. तेजरामने भिंतीवरचा डबा उतरवून हातात घेतला आणि दारातल्या अलकनंदाला टाचणी मागितली. तिच्या पदराला टाचणी होती. तिने ती काढली नाही.

“राहू द्या ना,” ती म्हणाली. “त्यात काही बिघडलं नाही.”

“तुले कसं माहीत?”

ती भावाकडे पाहू लागली. अडकित्ता थांबला.

तेजरामने डबा हळूच टेबलावर ठेवला. अनुरागला म्हणाला, उघड. अनुराग म्हणाला, पासवर्ड... तेजरामने लॅपटॉपकडे बोट दाखवलं. मग अनुरागने डब्याचं पान उघडलं. पासवर्ड त्याच्या बोटांना पाठ होता.

पानावर दोन गट होते. एका गटाचं नाव ‘घर’. त्यात हवेवरचं सगळं: लॅपटॉप, मागचा संगणक. दुसऱ्या गटात एकच वायर होती. त्याचं नाव ‘पावना’. मधला रस्ता बंद, आणि बंद करणाऱ्याने तो नीट, जाणून बंद केलेला.

“अरे, नाव तं काही पन देता येते,” अनुराग म्हणाला. “मजाक होती, भाऊजी.”

“आनि रस्ता?”

अनुरागने बापाकडे पाहिलं. हिरालालांनी सुपारीचे तुकडे तळहातावर गोळा केले. मग सगळं सांगून टाकलं, हलक्या आवाजात, हजेरी घेतल्यासारखं. अनुरागले इथंच आपलं काम सुरू कराचं आहे. रस्त्याकडची पुढची खोली पाडून तिथं त्याचं ऑफिस होईन. नकाशे, कागद, सगळं लॅपटॉपात आहे. तुम्ही तिकडून पाहाल आणि मनाले लावून घ्याल, म्हणून रस्ता बंद ठेवला. दिवाळी झाली की सांगणारच होतो. तुमच्यासाठी अंगणात टिनाचं शेड काढून देऊ.

“तुम्ही म्हनलं होतं, मामाजी. खोली माही,” तेजराम सासऱ्यांना म्हणाला.

“म्हनलं होतं ना,” हिरालाल म्हणाले, आणि ते खरंच समजावत होते, टोचत नव्हते. “पन पावन्याले देल्लेली खोली पावन्याची होते काय? पोरगा आला ना घरी.”

इतकी वर्षं तो शब्द त्याला रोज हाक मारत होता, आणि तो रोज त्याला हौ म्हणत आला होता.

तेजरामला आठवलं ते पेन ड्राइव्ह. अंगणातून येणारी अलकनंदा, हातात तो चिमुकला तुकडा. कागद छापून होईपर्यंत ती टेबलाशी उभी राहायची. तो वायरीचे रंग पुन्हा तपासत असायचा आणि बोलत असायचा: कुठं चुकलं, समजून नाही राह्यलं. ती म्हणायची, होईन नीट. एकदा तर तिने वायरचं टोक धरून उजेड दाखवला होता.

तो तिच्याकडे वळला. सासऱ्यांसमोर त्याने तिला कधी नावाने हाक मारली नव्हती.

“अलका. तुले माहीत होतं?”

ती हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर होती. हाक पोचली होती. तिने पदराची टाचणी चाचपली, ती जागेवर आहे याची खात्री करावी तशी. हौ म्हणाली नाही. नाही, असंही म्हणाली नाही.

तेजराम वाट पाहत राहिला, पडद्यावरचं उत्तर यायची वाट पाहावी तसा. मग त्याने डब्यातल्या आपल्या वायरचा खटका बोटाने दाबला. टक् आवाज झाला. टोक टेबलाच्या कडेवरून खाली लोंबकळू लागलं.

तो अंगणात आला. भिंतीवरच्या वायरीखालून पुढच्या खोलीत गेला. पडद्यावर कुणाची तरी पत्रिका अर्धी जुळवलेली होती, मामांची नावं अजून लहानमोठी. त्याने ती तशीच ठेवली. किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली, चपला घातल्या. ठेल्यावरून दुलीचंदने काहीतरी विचारलं. तेजराम त्याच्यासमोरून, मान खाली न घालता बसस्टँडच्या दिशेने निघून गेला.