आबांचे पाढे

आमच्या घरात पाढ्यांना बंदी होती. ती मीच घातली होती, सासऱ्यांच्या नाकावर टिच्चून. सासरे जन्मभर प्राथमिक शिक्षक. पुसदच्या आसपासच्या गावांतली कितीतरी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, आणि त्यांचीच नात शाळा सोडून घरी बसणार, हे त्यांच्या पचनी कसं पडावं?

मुलगी तिसरीत असताना वर्गात बोलेनाशी झाली. पाढे म्हणताना कुणाचं चुकलं की सगळ्या पोरांनी एका सुरात "चुकलं!" असं ओरडायचं, ही त्या वर्गाची रीत. पुढं पुढं ती घरीही गप्प राहू लागली, तेव्हा मी तिला शाळेतून काढलं.

"पोरीचं वाटोळं करून राह्यली तू. काहून?" सासरे म्हणाले.

"होऊ द्या झालं तर," मी म्हणाले. माझी जीभ तिखटच आहे. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतं बोलत.

पोर हळूहळू बोलती झाली. वाचायला शिकली ती पुसदच्या बसस्टँडवर. बापासोबत बियाणं आणायला जायची आणि एसटीच्या पाट्या न्याहाळत उभी राहायची. महागावची गाडी कुठली, फुलसावंगीची कुठली, हे कंडक्टरच्या हाळीवरून तिला आधीच कळलेलं असायचं; अक्षरं मागाहून ओळखीची झाली. वजनमाप कापूस मोजताना आलं. पाढे मात्र येत नव्हते, आणि मी ते घोकून घेत नव्हते. सासरे खरे ठरले तर काय, ही धाकधूक मी कुणाला दिसू दिली नाही.

मागच्या दिवाळीनंतर सासऱ्यांना लकवा मारला. यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आले ते उजवा हात लुळा आणि वाचा गेलेली. डॉक्टरांनी चित्रांची कार्डं दिली होती. रोज दाखवा, म्हणायला लावा. नवरा कार्ड समोर धरायचा. "बाबा, हे काय व्हय? म्हना, गाय." गावातल्या पोरांना 'गाय' लिहायला शिकवलेला तो माणूस तोंड फिरवायचा आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. आमचं भांडण होतं, पण ते असं जिंकायचं नव्हतं मला.

एक दिवस नातीनं ती कार्डं उचलून फळीवर ठेवून दिली. तुरीच्या हिरव्या शेंगांचे दिवस होते, रोज भाजीला सोले, म्हणजे ओले दाणे, लागायचे. तिनं आजोबांची, तिच्या आबांची, खुर्ची अंगणात उन्हात ओढली आणि त्यांच्या मांडीवर थोड्या शेंगा टाकल्या. "तुम्ही बसा फक्त." ते डाव्या हातानं शेंगा सोलू लागले. बडबड सगळी तिची. असेच काही दिवस गेले, आणि एका सकाळी आबांच्या तोंडून स्पष्ट आलं, "बे एके बे."

एक शब्द फुटत नव्हता, पण पाढे धो धो वाहत होते. असं होतं म्हणे या आजारात. पाणी हवं असलं तरी पाढाच, राग आला तरी पाढाच. सुरावरून काय हवं ते नातीला बरोबर कळायचं. ती त्यांच्या सुरात सूर मिसळून म्हणू लागली. माझी बंदी अंगणात केव्हा मोडली, मला कळलंही नाही.

संक्रांतीच्या सुमारास दोघं सातच्या पाढ्यात होते. आबा दमून थांबले, ती एकटीच पुढं गेली. "सात सक बेचाळीस, सात साते एकोणपन्नास, सात आठे चोपन्न..."

"चुकलं!"

मी चुलीपाशी होते. हातातली पळी तशीच राहिली. हा पाढा नव्हता. आजारपणानंतरचं हे त्यांचं स्वतःचं पहिलं बोलणं होतं, आणि शब्द कुठला, तर ज्याच्यापायी माझी पोर मुकी झाली होती तोच. मी धावत बाहेर आले. तिच्या चेहऱ्याकडे बघायची मला भीती वाटत होती.

ती हसत होती. "मंग किती, आबा? सांगा ना."

त्यांचे ओठ हलत राहिले. छप्पन्न काही येईना. ती थांबली. तिनं उत्तर सुचवलं नाही, घाईही केली नाही. वर्गात तिच्यासाठी असं कुणी थांबलं नव्हतं.

"तू," आबा म्हणाले. "तू सांग."

तिनं सुपातले दाणे घेतले आणि जमिनीवर सात-सातच्या ओळी मांडायला लागली. हातातले दाणे संपले की आबा डाव्या हातानं नवे पुढं करत होते. मी आत गेले आणि पोटभर रडले.