शिवणमावशींची मापाची वही

चाळीस वर्षे तेच मशीन, तीच खिडकी, आणि ओठांवर तेच देवाचे नाव! टाका पडावा नि नाम निघावे, नाम निघावे नि टाका पडावा, असा त्या माउलीचा दिवस. गल्ली त्यांना शिवणमावशी म्हणे. बाळ जन्मले की त्याचे झबले मावशींच्या हातचे. तेच बाळ मोठे होऊन नोकरीला निघाले की अंगावरचा सदराही मावशींच्याच हातचा.

साठी उलटल्यावर भाचीने हाती मोबाइल ठेवला आणि मावशींना लिहिण्याचा नाद लागला. लिहीत त्या सगळ्या जगाला दिसेल असे, अगदी उघड. कोपऱ्यावरचा दिवा आठ दिवस आंधळा झाला आहे. नळ रुसला आहे, त्याची समजूत काढायला कोणी येणार का?

भाची घाबरून म्हणे, "मावशी, सरकारच्या देखरेख कक्षात बसून माणसं हे सगळं वाचतात हं!"

"वाचू देत की! चारचौघांत बोलले ते कानावर पडणारच. तुझ्या काकांनी तरी जन्मात माझं इतकं मन लावून कुठं ऐकलं?"

आणि मग एके सकाळी सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरचा खासगी निरोप आला. लसी ठेवायचा फ्रीज दोन महिने बंद. तान्ही बाळे कडेवर घेऊन आया हात हलवत परत जात होत्या. तीन अर्जांना वरून एका ओळीचेही उत्तर नव्हते. शेवटी लिहिले होते, "माझं नाव कुठं येऊ देऊ नका, मावशी. नोकरी जाईल. घरात मिळवती मी एकटीच."

मावशींनी नाव पोटात ठेवले आणि फ्रीजची हकिगत उघड लिहिली. दोनशे जणांनी ती पुढे धाडली.

चौथ्या दिवशी त्या कक्षातले निरीक्षक स्वतः दुकानात हजर! काखेत मावशींच्या लेखनाचा छापील गठ्ठा.

"हे तुम्हीच लिहिलंत?"

"मीच. शुद्धलेखन तेवढं सांभाळून घ्या."

"फ्रीज आतल्या खोलीत आहे. तो बंद असल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ते नाही सांगायची, साहेब."

"मग मोबाइल दाखवा."

 निरोप त्याच मोबाइलमध्ये होता, सिस्टरच्या नावासकट. आणि खोटे बोलावे, तर त्या जिभेला तशी सवय नाही! त्यांनी मनोमन देवाला हाक मारली. साहेब उत्तराची वाट पाहत ठेंगण्या स्टुलावर टेकले, आणि तट्टकन आवाज झाला. पँटचे बटण उडून कात्रीवर आदळले.

बाहेर पायरीवर चार बाया कपडे घेऊन खोळंबल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावले.

"हसता काय गं? बटणच आहे, बंदुकीची गोळी नव्हे," मावशी म्हणाल्या. "साहेब, पडद्याआड जा. पँट इकडे द्या. नुसतं बटण लावून भागायचं नाही, कंबर उसवून सैल करते."

आधी त्यांनी माप घेतले, वही उघडली. साहेब कानाशी येऊन कुजबुजले, "आकडा मोठ्यानं म्हणू नका हो. बाहेर बायका आहेत."

"मी कधीच म्हणत नाही."

साहेब पडद्याआड गेले, मशीन सुरू झाले. थोड्या वेळाने पडद्याआडून उत्सुक आवाज आला, "मावशी, आमचे मोठे साहेबही तुमच्याकडेच शिवतात ना? त्यांची कंबर किती हो? ते तर म्हणतात, बत्तीस!"

मावशींनी मशीन थांबवले आणि वहीवर तळहात ठेवला.

"तुमची त्यांना सांगू?"

मावशींनी वही मिटली.

"साहेब, अंगावर घालून मिरवाल ते जगानं पाहावं. मी मोबाइलवर मिरवलं ते तुम्ही पाहिलंत. माझी तक्रार नाही. पण माणूस विश्वासानं हात वर करून माझ्यापुढं उभा राहतो, तेव्हा लिहिलेला आकडा त्याचा असतो. चाळीस वर्षांत नवऱ्याचा बायकोला सांगितला नाही. मोबाइलमधले निरोपही तसेच. ते पाहण्याचा लेखी आदेश आणला असेल तर आधी तो वाचून दाखवा. मग वकिलाला विचारते."

मावशींनी पँट शिवून संपवली. पडदा हलला, पँटसाठी एक हात बाहेर आला, आणि हातामागून ओशाळलेला आवाज.

"आदेश उघडं लेखन वाचण्याचाच आहे. मोबाइल मी माझ्या डोक्यानं मागितला."

"मग ते डोकं जरा फ्रीजकडं न्या. दवाखाना समोरच आहे."

साहेब खरोखरच रस्ता ओलांडून गेले. फ्रीजमध्ये हात घालून आले, दारातच उभे राहून अहवाल लिहिला आणि मावशींना वाचूनही दाखवला: मजकूर खरा आहे, लिहिणाऱ्या बाईंविरुद्ध काही कारण नाही, फ्रीज तातडीने बदलावा.

त्यानंतर नवव्या दिवशी नवा फ्रीज आला. त्या संध्याकाळी सिस्टर दुकानात शिरली. रांग संपेपर्यंत लसी देऊन हात दुखत होते, तरी चेहऱ्यावर धाकधूक.

"मावशी, ते साहेब तुमच्याकडंच आले होते म्हणे. माझं नाव..."

"तुझं?" मावशी सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या. "तुझा आणि फ्रीजचा काय गं संबंध?"

 सिस्टर मटकन स्टुलावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसत सुटली.